तांबडीचा पुढचा उजवा पाय

तबेल्यात सगळे त्याला नालबंद म्हणत. भाऊजी म्हणणारा एकटा ट्रेनर, कारण तो नालबंदाच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्या हंगामात मेहुण्याचे घोडे एकामागून एक जिंकत होते. पेपरात फोटो यायचे. बायको ते कापून कपाटाच्या दारावर चिकटवायची आणि काहीतरी निमित्त काढून शेजारणींना घरात बोलवायची. मेहुण्याच्या जिवावर नालबंदही जरा छाती काढून चालायला लागला होता.

तांबडी घोडी मात्र पंधरा दिवस पुढच्या उजव्या पायाने लंगडत होती. खुराला हात लावला की हिसडा द्यायची. एकदा तर तिने नालबंदाला त्याच्याच हत्यारांच्या पेटीवर बसवलं. शर्यतीच्या सकाळी तो हलकी नाल ठोकायला गेला, तर तिने पाय असा मुकाट्याने दिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. नडगी अजून गरम होती. मानेवर सुई टोचल्याचा ओला ठिपका दिसला.

"हिला काय दिलंस रे?"

"भाऊजी, तुम्ही खुरापुरतं बघा," मेहुणा म्हणाला. "डॉक्टरकी कधीपासून करायला लागलात?"

नालबंद हसला. पुढे त्याला सगळ्यात जास्त छळलं ते त्या हसण्याने. सहा खिळे ठोकून त्याने पाय खाली ठेवला.

शेवटच्या वळणावर तांबडी सगळ्यांच्या पुढे होती. पाय मोडला तेही तिला कळलं नाही. मोडक्या पायावर ती आणखी चार ढांगा धावली आणि कोसळली. तिला तिथेच पडदा लावून मारावं लागलं. जॉकीचं कंबरेचं हाड मोडलं.

दिलेलं औषध रक्ताच्या तपासणीत सापडलं नाही. चौकशीत रेसकोर्सच्या साहेबांनी नालबंदाला विचारलं, "सकाळी पाय कसा होता?"

मेहुणा समोरच बसला होता. "चांगला होता, साहेब."

मेहुणा सुटला. दोन महिन्यांनी नालबंद जॉकीला बघायला गेला. कुबड्यांवर उभ्या जॉकीने दार उघडलं, त्याला बसवलं आणि उलट त्याचीच माफी मागितली. "तुमच्या घरची घोडी माझ्या हातून गेली. वळण मीच चुकीचं घेतलं असणार. दुसरं काही सुचतच नाही मला."

नालबंदाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं.

जॉकीने कुबड्या ओढून घेतल्या आणि जाऊन दार उघडलं. मग म्हणाला, "आता उठा."

तिथून नालबंद सरळ चौकशीच्या ऑफिसात गेला आणि लेखी जबाब दिला. मेहुण्याचा परवाना गेला, त्याचाही गेला. आता तो लोखंडी जाळ्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करतो. बायको घर सोडून गेली नाही. जबाब दिला त्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "बोलायचंच होतं, तर शर्यतीच्या सकाळीच का नाही बोललात?"

तिने पुन्हा विचारलं नाही.