गाडीची आंघोळ

दसऱ्याच्या सकाळी मी चहा घेऊन बाल्कनीत उभा होतो. खाली तळमजल्यावरच्या काकांनी आपल्या जुन्या गाडीची पूजा नुकतीच आटोपली होती. पुढच्या जाळीवर झेंडूचा हार होता आणि चाकांखाली लिंबं. काकांनी किल्ली फिरवली. स्टार्टर जोमाने फिरला, पण इंजिन काही सुरू होईना. पुन्हा तेच. कुणी बराच वेळ घसा खाकरावा आणि तोंडातून शब्दच फुटू नये, तसा तो आवाज.

"बॅटरी चांगली आहे, पेट्रोलही कालच भरलंय," काका म्हणाले.

"आणि मघाशी बॉनेट उघडून पाइपने आतूनही धुतलीत," काकू म्हणाल्या. आरतीचं ताट अजून त्यांच्या हातातच होतं.

वर्षभर धूळ खात ती बिनतक्रार धावली आणि नेमकी कौतुकाच्या दिवशी अडली. माणसांचंही असं होत असेल. कुणी इतकं जपतं, की आतली ठिणगीच ओली होते. बाहेरून मात्र सगळं लख्ख दिसतं.

काकूंनी ताट कट्ट्यावर ठेवलं आणि कोरड्या फडक्याने प्लगच्या वायरी, त्यांची टोपणं पुसून काढली. मग बॉनेट उघडं ठेवून दोघं नुसतीच उन्हात उभी राहिली. माझा चहा निवला.

बऱ्याच वेळाने काकांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. लिंबं फुटली.

"पुढच्या वर्षी," ताट उचलत काकू म्हणाल्या, "तिच्यावर जरा बेतानं प्रेम करा."