मैनाबाईच्या खिडकीतली भाकर

कौसल्येचा जीव जळत होता तो मैनाबाईच्या नावानं. मैनाबाई पन्नाशी ओलांडलेली, अंगानं जाडजूड, दातांना मिशरी. बाई देखणी असती तर कौसल्येनं चार दिवस कडाकडा भांडून विषय मिटवला असता. पण मामला हाताच्या चवीचा होता, आणि तो फार झोंबतो बरं.

नांदगाव पेठेजवळच्या मळ्यातून तिचा नवरा शेषराव वांगी-मेथी घेऊन अमरावतीच्या बाजारात जायचा. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले, पण शहराभोवतीच्या परकोटाच्या भिंतीआत भर दुपारी राज्य असे मैनाबाईच्या खिडकीचं. ना पाटी, ना बाकडं. खिडकीतून हात बाहेर येई, त्यात पळसाच्या पानात बांधलेली झुणका-भाकर. घ्या आणि सावली पाहून बसा.

कौसल्या पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी थापायची, फडक्यात बांधून द्यायची. फडकं रिकामं परत यायचं, पण शेषराव मिशांवरून हात फिरवत सांगायचा, "आज मैनाबाईनं झुणक्याले लसणाची काय फोडणी देल्ली होती."

"मंग माही भाकर कोणाच्या पोटात गेली?"

शेषराव बैलांना चारा घालायला उठायचा. कौसल्येनं ताडलं, भाकर बैलालाच जाते. एक दिवस ती मुकाट्यानं गाडीत चढून बसली.

दुपारी शेषराव फडकं घेऊन निघाला. वांग्यांचा ढीग शेजारणीवर सोपवून कौसल्या मागोमाग. बघते तर काय, त्यानं फडकं सरळ खिडकीत दिलं, पान घेतलं आणि लिंबाखाली जाऊन बसला. कौसल्येच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"माह्या घरची भाकर इथं कावून आली?"

आत मैनाबाई तीच भाकर खात होती. घास गिळून ती शांतपणे म्हणाली, "तू शेषरावची बायको होय ना? बस. दिवसभर रांधून माह्या हातचं मलेच जात नाही, बाई. म्हून मीच तुही मांगून घेतली. पयले देतच नव्हता. अजूनबी अर्धी तो आपल्या पानात वापस मांगून घेते."

कौसल्येनं मागं पाहिलं. शेषरावच्या पानावर खरंच तिच्या भाकरीचा अर्धा तुकडा होता.

"रोज सांगते तो मले," मैनाबाई म्हणाली, "माह्या बायकोसारखी भाकर साऱ्या वऱ्हाडात कोणी थापत नाही. पापुद्रा कसा सुटते, पाहा म्हणते."

एवढं ऐकून दुसरी एखादी सुखावली असती. कौसल्येनं पुढ्यात आलेला झुणका खाल्ला, तो अगदी झकास होता, त्याचाही राग आला. पण खरा राग वेगळाच होता. लग्न झाल्यापासून भाकरी थापून तिच्या हातांना घट्टे पडले, घरात कधी 'बरी झाली' एवढंही नाही. आणि सगळं कौतुक या खिडकीत आणून ओतलं मेल्यानं. भाकर गेली त्याचं काही नाही, तिच्या वाट्याचे शब्द मैनाबाई रोज जेवत होती.

परतताना गाडी नांदगावच्या वाटेला लागली. मग ती म्हणाली, "उद्यापासून मैनाबाईची भाकर येगळी बांधून देईन."

शेषरावचा जीव भांड्यात पडला. "चांगली असते तुही भाकर," तो बैलांकडे बघत पुटपुटला.

"असं नाही," कौसल्या म्हणाली. "तिले सांगता तसं सांगा."