रुपरावांचा उन्हातला बाक

पोस्टातून निवृत्त झालेल्या रुपरावांनी मोहल्ल्याच्या मैदानात सिमेंटचा बाक यावा म्हणून चार वर्षं अर्ज केले. जागा मात्र सगळ्यांनी मिळून ठरवली, आणि तीही भर डिसेंबरात. शाली गुंडाळून सगळे मैदानभर हिंडले, ऊन कुठं झकास लागतं ते पाहिलं आणि दिवसभरात सावलीचा ठिपकाही पडत नाही अशी जागा एकमताने निवडली.

बाक आला मे महिन्यात.

नागपूरचा मे! त्या बाकावर पापड ठेवला तर उलटायचीही गरज नव्हती. मोहल्ला पलीकडच्या कडुलिंबाखाली बसे. रुपराव एकटे बाकावर. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, बुडाखाली चौघडी केलेली गोधडी.

"काहून भाजून राहिले गा रुपरावजी?" शेजारचा चंद्रभान ओरडे. "इकडं या ना सावलीत!"

"लोकायसाठी आणला बाक! कोणी तरी बसाले पाह्यजे."

"बसा मंग. एका बाजूनं झालं का सांगजा, पलटवून देतो."

एका शुक्रवारी रुपराव महापालिकेच्या कचेरीचं पत्र घेऊन धापा टाकत आले. उद्या दुपारी साहेब पाहणीला येणार. बाक वापरात नसला तर उखडून शेजारच्या मोहल्ल्याला देणार.

शेजारच्या मोहल्ल्याला! कडुलिंबाखालून रंभाबाई पदर खोचून उठल्या. "तिकडच्या लोकाइनं बसावं आपल्या बाकावर? अन् मी काय मेली?"

शनिवारी रुपरावांनी शिट्टी आणली. दोन-दोन मिनिटांच्या पाळ्या ठरल्या. शिट्टी वाजली की पाच जण सावलीतून धावत, बाकावर आदळत, "माय वं!" करत, आणि पुढची शिट्टी होताच जीव घेऊन परतत. जाणाऱ्याला कांदा, येणाऱ्याला ताक.

साहेब रिक्षातून उतरला तो पाहतच राहिला. भर उन्हात माणसं बाकासाठी पळताहेत!

"रोज एवढी गर्दी?"

"आज तं कमीच हाय साहेब," रंभाबाई घाम पुसत म्हणाल्या.

साहेबाने उभ्या उभ्या शेरा लिहिला : 'एक बाक अपुरा. नागरिकांची ओढ पाहता आणखी दोन बाक याच जागी, लगत, तातडीने द्यावेत.'

रिक्षा गेली. चंद्रभानने बोटांवर हिशोब केला. "आता एका पाळीले पंधरा जण लागतीन गा!"

रुपरावांना ते ऐकू गेलं नाही. मेच्या सुरुवातीपासून पहिल्यांदाच ते कडुलिंबाखाली टेकले, ताकाचा पेला एका दमात रिकामा केला आणि निव्वळ आनंदाने शिट्टी फुंकली.

पाच जण उठून धावले.