आतोबांची दारं

बाहेर आलेल्या वस्तूंवर माणूस किती राग धरू शकतो हे ज्याला बघायचं असेल त्याने आमच्या आतोबांना भेटावं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. धाकटी डहाणूच्या खाडीवर त्यांचा सगळा जन्म गेला. आधी होडीवर मासे पकडण्यात, आणि गुडघे बोलायला लागल्यावर दुसऱ्यांच्या होड्यांची मशीनं दुरुस्त करण्यात. भिंतीतला खिळा, दाराची कडी, कपाटाची मूठ, इतकंच काय, माणसाचं पुढे आलेलं पोटसुद्धा त्यांच्या नजरेला खपायचं नाही. "हे आत घाल," एवढंच म्हणायचे, आणि म्हणताना त्या वस्तूकडे असं बघायचे की तिने लाजून स्वतःहूनच आत जावं. खिळे जायचे. माझ्या पोटाने मात्र त्यांना आयुष्यभर दाद दिली नाही. एके काळी या गोष्टी सांगताना आमच्या घरात हसून हसून पुरेवाट व्हायची. आता मी एकटाच सांगतो, आणि मध्येच थांबतो.

त्यांच्या घरातल्या एकाही दाराला मूठ नव्हती. जहाजांच्या भंगारातून आणलेल्या पितळी वाट्या त्यांनी पटाशीने लाकूड कोरून दारांत अशा बसवल्या होत्या की वरून हात फिरवला तरी काही लागू नये. त्या वाटीत चार बोटं घालायची, बोटं वळवायची आणि दार ओढायचं. नवीन माणसाला हे ठाऊक नसे. तो दाराच्या अंगावरून हात फिरवत राही. माझं लग्न ठरल्यावर सासरे पहिल्यांदा त्यांच्याकडे आले, न्हाणीघरात हातपाय धुवायला गेले आणि बराच वेळ आतून नुसता खाकरण्याचा आवाज येत राहिला. अडकलोय असं म्हणायला त्यांना संकोच वाटत होता. शेवटी आतोबा ओटीवरूनच ओरडले, "अहो पावणे, चार बोटं घाला नि ओढा! एवढं काय त्यात?" सासरे बाहेर आले ते घामाघूम होऊन. त्यानंतर त्या घरी आले की ते दार उघडं ठेवून बायकोला बाहेर पहाऱ्याला उभं करत.

लग्नात तर कहर झाला. कार्यालयाच्या दाराचा आकडा बाहेर आलेला आतोबांनी पाहिला. नवरीचा शालू त्यात अडकेल, या काळजीने ते खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून तो आकडा खोलायला बसले. भटजी "सावधान" म्हणत होते आणि मागून स्क्रूची करकर ऐकू येत होती. मॅनेजर धावत आला. आतोबांनी तो आकडा त्याच्या हातावर ठेवला आणि अक्षता टाकायला निघून गेले. मी उधव्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा माझी खोली बघायला ते डहाणूहून एसटीने आले. चहासुद्धा न घेता त्यांनी खोलीतले सगळे खिळे उपटले. पुढे महिनाभर माझे शर्ट जमिनीवर होते.

या वेडाचं कारण आत्याने मला एकदा सांगितलं, तेही आतोबा घरात नसताना. तरुणपणी त्यांचा धाकटा भाऊ होडीवर त्यांच्याबरोबर असायचा. जाळं पाण्यात सुटत होतं, होडीच्या काठावरच्या एका बाहेर आलेल्या खुंटीत भावाचा सदरा अडकला, आणि तो सोडवेपर्यंत जाळ्याचा दोर त्याला गुंतला. आतोबांनी सुरी काढेपर्यंत भाऊ जाळ्याबरोबर गेला होता. "त्यांच्यासमोर हसत जा बाबा," आत्या म्हणाली, "पण लई हसू नको."

त्यांचं दुसरं वेड मशीनच्या पायाचं. होडीच्या मागे जे मशीन लावतात, त्याचा पाण्यात बुडालेला, पंखा असलेला खालचा भाग म्हणजे पाय. आतोबांचं म्हणणं असं की सगळं जग मशीनचं डोकं पुसतं आणि पायाकडे कुणी बघत नाही. कुणी मशीन घेऊन आला आणि वरचं झाकण उघडायला लागला की ते त्याच्या हातावर चापट मारत. आधी पंखा काढायचा, कारण त्याच्यामागे तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळून बसतो आणि रबराची सील कापतो. मग पायातलं तेल काढायचं. तेल दुधाच्या चहासारखं पांढरट झालं असेल तर पाणी आत शिरलंय. नवं तेल भरायचं तेही खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. "वरनं भरशील तर हवा भरशील," ते दरडावत. हळूहळू हा नियम त्यांनी साऱ्या सृष्टीला लावला. माझं डोकं दुखायला लागलं तर त्यांनी माझ्या चपला तपासल्या. घरात माणूस आला की ते आधी त्याच्या पायांकडे बघत आणि तिथे सगळं ठीक दिसलं तरच चेहऱ्याकडे वळत. दुखणं खालीच असतं, वर नुसता आवाज होतो, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

म्हणूनच आत्या जेव्हा म्हणायला लागली, "अहो, दार जड झालंय," तेव्हा ते पाना टाकून उठले आणि दाराच्या खालच्या कडेला भिडले.

आत्याने सारी उमर डहाणूच्या बाजारात मासे विकले. बर्फात हात घालून घालून तिच्या बोटांचे सांधे सुजले होते, आणि डोक्यावरची माशांची पाटी सुटल्यावर तर बोटं वळेनाशीच झाली. पण बोटं चालत नाहीत हे कबूल करायला ती तयार नव्हती. त्या वाट्या नवऱ्याने का बसवल्या हे तिला ठाऊक होतं. ती दारावर ठपका ठेवत राहिली आणि आतोबा दार दुरुस्त करत राहिले. त्यांनी खालून रंधा मारला. बिजागऱ्यांना मशीनचं तेल पाजलं. उंबऱ्याला मेण चोळलं. त्या पावसाळ्यात घरातली दारं इतकी हलकी झाली की वाऱ्याने आपटायची. आत्या म्हणायची, "अजून जडच हाय बघा." आतोबा पुन्हा जमिनीला गाल टेकून फट बघायचे. मी हे पाहून हसायचो. ती दोघं एकमेकांना जपत होती आणि घर तिच्यासाठी रोज थोडं थोडं बंद होत होतं.

श्रावणाच्या तोंडावर मी एका दुपारी गेलो तेव्हा आतोबा अंगणात होते. गोड्या पाण्याच्या पिंपात मशीनचा पाय बुडवून त्यांनी ते चालू केलं होतं, आतलं खारं पाणी धुऊन निघावं म्हणून. त्या घरघराटात बोलणंच शक्य नव्हतं. मशीन बंद झाल्यावर मी विचारलं, "आत्या कुठाय?"

"घरात असेल. कुठं जाते?"

ती सुके बोंबील ठेवायच्या मागच्या खोलीत होती. वाऱ्याने दार आपटलं होतं आणि आतून ते ओढून घ्यावं लागे. आम्ही बाहेरून ढकललं, तर ते हात लावताच उघडलं. आत्या गोणीवर बसली होती, घशाला कोरड पडलेली. हाका मारून मारून तिने केव्हाच नाद सोडला होता. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि बोटांची टोकं सोलली होती. आमच्याकडे बघून ती म्हणाली, "दार जड झालंय हो."

आतोबा सवयीने खाली वाकले. फटीत बोट घातलं, ते सहज फिरलं. मग त्यांची नजर वर आली आणि वाटीपाशी थांबली. पितळेला रक्त लागलं होतं. ते तिच्यासमोर बसले. तिचा हात हातात घेऊन बोटं वळवायला गेले, ती वळली नाहीत.

"कधीपासून गो?"

"असू दे आता."

"मला बोलायचं नाय?"

"तुमी वाट्या काढल्या असत्या," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी बोईसरहून आली. आईच्या पिशव्या भरताना ती रागाने रडत होती. या दारांत आईला ठेवणार नाही, एवढं तिने वडलांना सांगितलं. आतोबा ओटीवर बसून होते. रिक्षा सुटताना त्यांनी आत्याला एकच सांगितलं, "नारळी पुनवेला न्यायला येतो. तोवर सगळं करून ठेवतो."

आणि त्यांनी केलं. ज्या माणसाने जन्मभर एक खिळा बाहेर येऊ दिला नाही, त्याने घरातल्या प्रत्येक दाराला वीतभर बाहेर आलेली लाकडी मूठ ठोकली, आतूनही आणि बाहेरूनही. मनगट आत घालून ओढता येईल एवढी रुंद. हाताला टोचू नये म्हणून तिच्यावर जाळ्याचा मऊ दोर गुंडाळला. मी गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांची बोटं फडक्याने आवळून बांधून घेतली होती आणि तशा हातांनी ते एकेक दार उघडून बघत होते. मला हसू आलं. ते म्हणाले, "हस हस. तिला जमतंय का ते बघतोय." न्हाणीघराचं दार त्यांच्या मनासारखं उघडेना, म्हणून तिथली मूठ त्यांनी पुन्हा काढून बोटभर खाली लावली. आत्या बुटकी होती.

नारळी पौर्णिमा जवळ आली आणि बोईसरहून निरोप आला की आत्याला ताप आहे, थोडे दिवस थांबा. ताप छातीत गेला. आत्या परत आली नाही. आतोबांनी खाडीवर नारळ सोडला तेव्हा तिचे दिवसही झाले नव्हते, पण लोकांची मशीनं तयार होती, सगळ्यांच्या पायांत नवं तेल होतं.

त्या मुठी अजून तशाच आहेत. घर लहान, मुठी मोठ्या; जाता-येता त्यांत काही ना काही अडकतंच. आतोबांच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे फाटलेत. मी एकदा म्हटलंही, "आतोबा, आता काढून टाकू या का? पुन्हा वाट्या बसवू." त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि ते अंगणातल्या मशीनकडे वळले.

परवा गेलो होतो. चहा आणायला म्हणून ते उठले, आणि स्वयंपाकघराच्या दारात त्यांचा खिसा मुठीत अडकला. वाटलं, आता जुने आतोबा जागे होतील. ते थांबले. मागे वळून न बघता हळूच म्हणाले, "सोड गो. येतो." मग सदरा न सोडवता तसेच दारात उभे राहिले.