कुणामार्फतही नाही

माझ्या धाकट्या बहिणीच्या मानेवर तिच्या नवऱ्यानं विळ्यानं वार केला, तेव्हा तिला वाचवलं ते तिच्या सासूनंच. जखमेवर पदर दाबून धरत, तिला मांडीवर घेऊन त्यांनी जीपमधून मुरुमच्या दवाखान्यापर्यंत आणलं. टाके निघाल्यावर मी बहिणीला कळंबला माझ्याकडं आणलं. पुढं नवऱ्याला जामीन मिळाला, पण कोर्टानं बजावलं होतं: कळंब तालुक्यात पाऊल टाकायचं नाही आणि हिच्याशी स्वतः किंवा कुणामार्फतही बोलायचं नाही.

तरी जिवाला स्वस्थता नव्हती. शाळेत शिकवताना माझं लक्ष फोनकडं. दारापुढं मोटारसायकल मंदावली, की बहीण भाकरी तव्यावर तशीच टाकून आतल्या खोलीत जायची.

कोर्टातल्या तिच्या साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी कडी वाजली. फटीतून पाहिलं, तर सासू. एकट्याच, घामानं निथळलेल्या.

"त्यानं न्हाय धाडलं, बाई. पोरीला बघाया आले."

मी दार धरूनच उभी राहिले. बहिणीनं मागून येऊन कडी काढली, त्यांना पाणी दिलं. तिच्या मानेवरून हात फिरवता फिरवता त्या रडायला लागल्या. मग डोळे पुसत त्या हळूच म्हणाल्या, "उद्या कोर्टात एवढंच म्हण, झटापटीत विळा लागला. न्हायतर तो सोडायचा न्हाय तुला."

बहीण पांढरीफटक पडली. "आत्या, तुम्ही इथं आलात हे त्यांना माहितंय?"

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "त्यानंच यष्टीत बसवून दिलं."

मी तपास करणाऱ्या पोलीस साहेबांना फोन लावायला घेतला, तसा बहिणीनं माझा हात धरला.

"ताई, यांना ठाण्यात नेतील?"

"नेतील. जबाब घेतील."

तिनं हात सोडला. "लाव."

पोलीस येईपर्यंत आम्ही तिघी एकाच खोलीत बसून होतो. सासू उठून गेल्या नाहीत. जबाबात त्यांनी काहीच लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गाडीतून कोर्टात गेलो. न्यायाधीशांनी मध्ये पडदा लावायला सांगितला होता. पडद्यापलीकडून तिचा नवरा खोकला, तेव्हा बहीण अडखळली. पण घडलं ते सगळं तिनं सांगितलं. पुढं अट मोडल्यामुळं त्याचा जामीन रद्द झाला.

आता ती बाजारात एकटी जाते. मधूनच विचारते, "आत्यांना कोण बघत असंल?" वकील सांगत होते, त्यानं वरच्या कोर्टात पुन्हा जामीन मागितलाय. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.