आत्याच्या वाटेतली पेटी

माझी धाकटी बहीण भागीरथी जन्मांध आहे, ही गोष्ट सरकारदरबारी संशयास्पद ठरली, आणि त्यास सर्वस्वी तिचे नीटनेटके चालणे कारणीभूत होते. कोणा निनावी गृहस्थाने तक्रार केली होती: "सदर स्त्री विहिरीवरून भरले हंडे आणते, ठेचकाळत नाही; सबब तिला दिसते." (निनावी! ज्यास सही करण्याचे धैर्य नाही त्याचे पत्र मी वाचतच नाही. हे सात वेळा वाचले.) आता तपासणी होऊन तिचा अंधत्वाचा दाखला रद्द होण्याची वेळ आली. मी सव्वीस पानी खुलासा धाडला. उत्तरादाखल तपासणीचे साहेब स्वतःच आले.

खोडाळ्याबाहेर टेकडीवर आमचे घर. श्रावणात तेथे भरदुपारी धुके दारातून आत शिरते आणि न बोलावलेल्या पाहुण्यासारखे बसून राहते. त्या दिवशी वीजही गेली होती. साहेब उंबरठ्यावर थबकले. आतल्या काळोखातून आवाज आला: टक्. मग दुसऱ्या कोपऱ्यातून: टक्. टक्.

"घरात... पाली फार आहेत का?"

"नाती आहेत," मी म्हणालो.

मंदा नऊ वर्षांची, जयू सहा. भागीरथीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या (आणि घरातल्या सर्वांप्रमाणे तिला आत्याच म्हणणाऱ्या) या दोघींनी घरात एक कायदा केला आहे. आत्या चालू लागली की जिभेने टक् करायचे, म्हणजे आपण कुठे आहोत ते तिला कळते. आणि तिला सांगितल्याविना कोणतीही वस्तू तसूभरही हलवायची नाही. (या कायद्याचा मसुदा माझ्याकडे तपासणीस आला नव्हता, याबद्दल मी तेव्हाच नापसंती नोंदवली आहे.)

धुक्यातून भागीरथी आली. डोळे उघडे, पांढरे; पापणी लवत नाही. न हिंदकळता तिने चहाचा कप नेमका साहेबांच्या हातात दिला. हिंदकळला तो साहेबांच्या हाती गेल्यावर.

"साहेब, डावा बूट भिजलाय तुमचा. पचपच वाजतोय. काढून बसा."

साहेबांनी वहीत काही लिहिले. मी डोकावलो: 'हालचाल डोळसासारखी.'

माझे पित्त खवळले! डोळ्यांदेखत दाखला चालला होता. हिने आज एकदा, केवळ एकदा, अडखळायला काय हरकत होती? मी वहाणा काढल्या, भिंतीकडेने साहेबांच्या पाठीमागे गेलो आणि माझ्या अर्जांच्या नकलांची पत्र्याची पेटी चुलीच्या वाटेत ओढू लागलो. (खोटा पुरावा निर्माण करणे हा गुन्हा आहे, हे मी जाणतो. अनेकांना तसे लेखी कळवलेही आहे.)

भागीरथीने मान तिरकी केली.

"साहेब, तुमच्या पाठी कोण सरपटतंय?"

साहेब वळले. मागे नुसते धुके. मी पेटीआड उकिडवा.

"को... कोणीच नाही."

"हाय. म्हातारं हाय. धापा टाकतंय."

साहेबांचा कप खाली पडून फुटला. कोपऱ्यांतले टक् टक् अचानक थांबले. त्या शांततेत भागीरथी चुलीकडे निघाली. पेटीच्या पलीकडेच आधण उकळत होते. हे माझ्या आत्ता कुठे ध्यानात आले, आणि तोंडातून शब्द फुटेना.

"आत्या, थांब!" मंदा किंचाळली. "आज्यानं पेटी हलवली!"

भागीरथीचे पाऊल पेटीच्या वर अधांतरी थांबले.

"हरकत आहे!" मला नको तेव्हा कंठ फुटला. "अज्ञान मुलीची साक्ष..." असे गरजत मी उठलो, पेटीलाच अडखळलो आणि साहेबांच्या भिजल्या बुटावर पालथा पडलो.

भागीरथीने पेटी हाताने चाचपली, तिला वळसा घातला आणि मला दंडाला धरून उठवले. "दादा, लागलं का?"

तिने माझ्यावर एवढाच आरोप ठेवला. सक्तमजुरी परवडली असती.

साहेबांनी मंदाला हळूच विचारले, "आत्याला खरंच दिसत नाही?"

"दिसत असतं तर मी वरडले असते कशाला?" ती रडतच खेकसली.

"आज्याला दिसतं," जयूने माहिती पुरवली. "तरी पडला."

सव्वीस पानांत मला जे सिद्ध करता आले नाही, ते एवढ्यात सिद्ध झाले. दाखला कायम राहिला. अहवालाची नक्कल टपालाने आली: 'श्रीमती भागीरथी: पूर्णतः अंध, घरात निर्धास्त वावरतात. अर्जदार बंधू: डोळस, तथापि त्यांना घरात एकटे सोडू नये.'

या अहवालाविरुद्ध अपील करण्यास तीस दिवसांची मुदत होती. आयुष्यात प्रथमच मी ती मुकाट्याने जाऊ दिली.