समोरची सीट

दोन सीटची गाडी घेताना मी एक साधी गोष्ट विसरलो. दोन म्हणजे मी आणि बायको, असं मी धरून चाललो होतो. आमच्या घरात दोन म्हणजे मी आणि आई.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. जो तो उंच, काळ्या काचांच्या गाडीमागे लागला होता. शेजारच्यानं तर दारात उभी करायला जागा नसताना जीप घेतली. आणि मी नागपूरहून कुणाची तरी वापरलेली, फायबरच्या अंगाची, छत काढता येणारी बुटकी स्पोर्ट्स कार घेऊन आलो. विमानतळाकडचा रस्ता नुकताच रुंद झाला होता. छत काढायचं, बायकोला शेजारी बसवायचं आणि त्या रस्त्यानं कुठेही न थांबता जायचं, एवढंच माझ्या मनात होतं. तिला तसं कबूलही केलं होतं. चार बहिणींत वाढलेली वर्ध्याची पोरगी ती, खिडकीशी बसायला तिला कधी मिळालं नव्हतं. ती हसून म्हणाली, "पाहू न."

गाडी बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत शिरली तेव्हा अर्धा पारा, म्हणजे अर्धा मोहल्ला, गोळा झाला. आईनं हळदीकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मग मोठ्या माणसानं समोर बसायचं या आमच्या घरच्या रीतीप्रमाणे ती दाराशी जाऊन उभी राहिली. या गाडीला समोर सोडून दुसरं काही नव्हतंच. दार बायकोनं उघडून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं, तिचा हात आपोआप गेला. आई कण्हत, माझा खांदा धरत आत उतरली आणि म्हणाली, "लय खाली आहे रे. पण बरं आहे, हवा लागते."

पुढे तेच होत गेलं. देवळात आई, डॉक्टरकडे आई, तात्यापाऱ्यात मावशीकडे आई. बायको मागून स्कूटीवर. पंडरीच्या कापडबाजारात नात्यातल्या लग्नाचं कापड घ्यायला गेलो तेव्हा तर कमाल झाली. गाडीच्या डिकीत जेमतेम एक पिशवी मावायची. तेव्हा मी आणि आई वारा खात पुढे, आणि बायको स्कूटीवर पायांत दोन गठ्ठे, पाठीवर एक गठ्ठा घेऊन ट्रकच्या धुरातून मागे. मी आरशात तिच्याकडे बघायचो आणि माझा संताप संताप व्हायचा. रस्त्यावर, ट्रकवर, डिकी इतकी लहान करणाऱ्यावर.

चिडायला कारणंही कमी नव्हती. राजधानीच्या नावाखाली सगळं शहर खणून ठेवलं होतं. गतिरोधक एवढे उंच की गाडीचं पोट घासल्याशिवाय एकही पार व्हायचा नाही. आई दर वेळी "अगं बाई!" करायची आणि मी दात खायचो. चौकातला पोलीस थांबवून विचारायचा, "भैया, ये चलती भी है?" लोक बॉनेटवर पानाच्या पुड्या ठेवून गप्पा मारायचे, कारण ते बरोबर त्यांच्या कोपराखाली यायचं.

अखेर एकदा जमवून आणलं. रविवारी सकाळी आई भजनाला जायची, चांगले दोन तास. आदल्या दिवशीच मी छत काढून ठेवलं. बायकोनं निळी साडी नेसली, डोक्याला बांधायला रुमाल घेतला. आई नाम घेत, इकडेतिकडे न बघता कोपऱ्यावरून वळली तसे आम्ही चोरासारखे बाहेर आलो.

गाडी जागेवर नव्हती.

ती समोरच्या घराच्या ओट्यावर होती. तुळशीवृंदावन आणि विजेचा खांब यांच्या मधोमध, देवघरात ठेवल्यासारखी. पहाटे पाण्याचा टँकर आला होता, त्याला वाट हवी होती. पाऱ्यातल्या सात-आठ जणांनी आधी तिचं तोंड उचललं, मग बूड, आणि नेऊन ठेवली वर. ओट्यावर दातून करत बसलेले काका कौतुकानं म्हणाले, "हव भैया, हमन उठा के रख दे हन. फूल जइसन हल्का हे!"

"तो उतारिये ना!" मी ओरडलो.

"अब कोन उतारही? सब काम मा चल दिन."

उचलणारे सगळे कामाला निघून गेले होते. मी गल्लीभर फिरलो. हातापाया पडून पाच जण जमवले. एकाची पाठ दुखत होती, एकाला आधी चहा हवा होता. बायको रुमाल हातात घेऊन पायरीवर बसून होती. गाडी खाली येईपर्यंत दोन तास सरले आणि कोपऱ्यावर आई दिसली. चालून दमली होती. गाडी उघडी, मी चावी घेऊन उभा.

"कुठं निघाला रे? चाल, मले मावशीकडे सोडून दे."

मी चावी या हातातून त्या हातात केली. बायको उठली, साडी झटकली आणि तिनं दार उघडून धरलं.

त्या दिवशी मी टँकरला, नगरपालिकेला, आठही जणांना मनसोक्त शिव्या घातल्या.

सहा वर्षं अशी गेली. मग आईचे गुडघे इतके धरले की तिला त्या गाडीत उतरता येईना. मी मनात म्हटलं, आता. पण आईच एक दिवस जेवताना म्हणाली, "ते खेळणं आता काढून टाक. मोठी घे, सगळे बसू." मी मान डोलावली. बायको वाढत होती, तिनं आईच्या ताटात आणखी भात वाढला.

गिऱ्हाईक पंडरीतलं मिळालं. गाडी पोचवायला निघालो तेव्हा मी शेजारचं दार उघडून बायकोला म्हटलं, "चल, आता तरी बस."

"आन् वापस कशावर याल?" ती म्हणाली आणि तिनं स्कूटी काढली.

येताना मी तिच्या मागे बसलो. गल्लीकडे वळायच्या जागी ती वळली नाही. सरळ विमानतळाच्या रस्त्याला लागली. मी म्हटलं, रस्ता चुकला. ती म्हणाली, "बसा चूप."

संध्याकाळ होती, रस्ता मोकळा होता, वारा लागत होता. बरंच पुढे गेल्यावर मी सुरू केलं, की तो टँकर त्या दिवशी आला नसता, तर.

"टँकरचं काय घेऊन बसले," समोर बघतच ती म्हणाली. "सहा वर्षांत एक बार आईले म्हटलं का तुम्ही, का आई, आज हिले बसू द्या? तोंड नव्हतं का तुमाले?"

एकदाही म्हटलं नव्हतं, हे खरंच होतं. ती विमानतळाच्या फाटकापर्यंत गेली, तिथून वळली आणि आम्ही घरी आलो. आई ओट्यावर वाट बघत बसली होती.

"इतका वेळ कुठं होते रे?" तिनं मला विचारलं.

बायको स्कूटी स्टँडवर लावत होती. या वेळी मी बोलेन, म्हणून ती थांबली.

"पंडरीत गर्दी होती," मी म्हणालो.